फुटाण्याचं प्यादं

आमच्या मोठ्या बाईंना बुद्धिबळात कुणी हरवलं तर राग येत नसे. हत्तीनं हरवलं तर येत असे. आता तुम्ही म्हणाल, हरणं ते हरणं, त्यात हत्ती काय नि घोडा काय. हे त्यांच्या तोंडावर म्हणून पाहायला हवं होतं तुम्ही. मी एकदा म्हणाले होते, आणि त्यानंतर दोन दिवस मला शाळेत चहा मिळाला नव्हता.

नेरच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून लागले तेव्हा अनसूयाबाई तिथं हेडमास्तरीण होत्या. सगळं गाव त्यांना 'मोठ्या बाई' म्हणायचं आणि उंचीनं तर त्या माझ्या खांद्याला लागत. छप्पन साल होतं. आम्ही सगळे मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात जाऊन बसलो होतो, म्हणजे आहे तिथंच बसलो होतो. बाईंना त्याचं काही नव्हतं. शाळेच्या पाटीवरचं जुन्या राज्याचं नाव पुसायला त्यांनी दोन महिने लावले. विचारलं तर म्हणायच्या, "घाई काय आहे? डाव तोच आहे, मांडणारे बदलले."

बाईंच्या दोन भाषा होत्या. शाळेत 'तुला', 'मला', 'का बरं'. एकदा का पट मांडला, की 'तुले', 'मले', 'काहून वं'. वर्गात शुद्धलेखनासाठी पट्टी मारणारी बाई सुट्टीच्या दिवशी ओसरीवर मांडी ठोकून "पाह्य पाह्य, तुह्या उंटाले कसा लोळवतो" म्हणून ओरडायची. मुली भिंतीआडून ऐकायच्या आणि तोंडावर हात दाबून हसायच्या. बाईंचे यजमान तहसिलीत कारकून होते, स्वभावानं गरीब. डाव रंगला की चहा तेच करायचे, आणि तो चांगला करायचे.

आता ते हत्तीचं सांगते. आपल्या देशी खेळात प्याद्यानं केलेली मात सगळ्यात मानाची मानतात. जमली तर करायची, नाही जमली तर हत्ती आहे, वजीर आहे. बाईंना हे मंजूर नव्हतं. त्यांना दर डावाला प्यादंच लागे. समोर मात दिसत असली तरी हत्तीला बसवून ठेवत आणि प्यादं आणायला निघत. म्हणायच्या, "हत्तीनं तर कोनीबी मारते. एवढ्या मोठ्या राजाले शिपायानं जाऊन 'चाल ऊठ' म्हटलं पायजे, तवा मजा हाय."

पट त्यांच्या वडिलांचा, शिसवीचे मोहरे. बदलीत कुठंतरी एक प्यादं हरवलं होतं. बाईंच्या पिशवीत फुटाणे कायम असायचे, त्यातलाच एक त्या प्याद्याच्या घरात बसवत. आणि गंमत अशी, की बाईंचा जीव सगळ्यात जास्त त्या फुटाण्यावर. सात शिसवी प्यादी मेली तरी चालतील, फुटाणा पोचला पाहिजे.

वाचनालयाचे सेक्रेटरी वकीलसाहेब एकदा गणपतीत बाईंशी खेळायला बसले. टोपी, कोट, समोर पानाचा डबा. बाईमाणसाशी खेळतोय म्हणून जरा हसूनच बसले होते. तासाभरात त्यांच्याजवळ राजा आणि दोन केविलवाणी प्यादी उरली. बाईंजवळ वजीर होता, दोन्ही हत्ती होते आणि पार मागे राहिलेला तो फुटाणा होता. वकीलसाहेबांना मात कुठंही देता आली असती. बाई दरवेळी त्यांच्या राजाला जरा हलायला जागा ठेवायच्या आणि फुटाणा एक घर पुढं सरकवायच्या. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, लोक घरी जाऊ लागले. वकीलसाहेब घामेघूम. "करा हो बाई मात एकदाची," असं म्हणाले, तर बाई थंडपणे म्हणाल्या, "येऊन राह्यलं साहेब. पायी येऊन राह्यलं." तेव्हापासून वकीलसाहेबांनी फुटाणे खाणं सोडलं असं गावात म्हणत. खरं-खोटं देव जाणे.

अशा बाईंना जोड मिळाली ती जमनीची.

बाजाराचा दिवस होता. मी आणि बाई भाजी घ्यायला गेलो होतो. जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या फाटकाशी कापसाच्या गाड्या वजनकाट्यासाठी लागल्या होत्या, आणि एका गाडीच्या सावलीत एक बंजारा बाई गोणपाटावर कोळशानं पट आखून नवऱ्याशी खेळत होती. घेरदार फेटिया घागरा, आरसे जडवलेली कांचळी चोळी, कानाशी लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या, आणि हातात कोपराच्याही वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या. मोहरे म्हणजे खडे, चिंचोके, सरक्या. ती इतक्या भराभर चाली करत होती, की नवऱ्याचा हात उचलायच्या आत हिचा खाली आलेला असायचा. बाई वांगी विसरून तिथंच उभ्या. थोड्या वेळानं त्यांना राहवलं नाही. "अगं, त्याचा घोडा!" जमनी वर न बघता म्हणाली, "बाई, तुमी भाजी घ्या ना. घोडा मी पाह्यतो."

झालं. बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली, नवऱ्याला उठवलं आणि त्याच्या जागी बसल्या.

जमनी नेरजवळच्या तांड्यावरची, घरची शेतीवाडी असलेली, आणि तोऱ्याची म्हणाल तर बाईंना पुरून उरणारी. बापाजवळ खेळ शिकली होती. तिचा सगळा खेळ घाईचा, कारण तिला वेळच तेवढा असायचा. गाडी काट्यावर चढेपर्यंत डाव संपला पाहिजे. नवऱ्यानं "चाल वं" म्हटलं, की उठायचं. त्यामुळे ती विचार करायची तो समोरच्याच्या वेळात, आपली चाल आली की हात तयार. तिला प्याद्याबिद्याचं कौतुक नव्हतं. "राजा मेला की झालं बाई," ती म्हणायची. "कोनं मारला, कायले पायजे?"

बाईंना हे ऐकून शहारेच यायचे. पण पुढच्या बाजाराला बाई पट पिशवीत घालून पहाटेपासून तयार. पहिल्याच डावात जमनीनं फुटाण्याचं प्यादं मारलं आणि सरळ तोंडात टाकलं. बाई बघतच राहिल्या. "अवं, ते माह्यं प्यादं व्हतं!" "मारलं म्हनून खाल्लं," जमनी कुडुमकुडुम चावत म्हणाली. त्या दिवशी बाई जितक्या हसल्या, तितक्या हसताना मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं. मग पिशवीतून दुसरा फुटाणा काढून त्यांनी कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "याचा बदला घेतो का नाई पाह्य!"

तीन-चार वर्षं असं चाललं. हळूहळू त्या गाडीभोवती इतर बायका जमू लागल्या. कुणी खेळ शिकायला, कुणी नुसतं बसायला. बाजाराला आलेल्या बाईला बसायला जागाच कुठं असते हो? पुरुषांना हॉटेल आहे, पार आहे, वाचनालय आहे. बाईनं उन्हात गाठोडं डोक्यावर घेऊन उभं राहायचं, लेकराला पाजायचं तर भिंतीकडं तोंड करायचं. बाईंच्या हे डोक्यात बसलं. वाचनालयाची समोरची मोठी खोली बाजाराच्या दुपारी रिकामी असते, जिनाचा पाचचा भोंगा होईपर्यंत तिथं माशीसुद्धा येत नाही. तेवढी दुपार बायकांना द्या, असं म्हणून बाई वकीलसाहेबांकडे गेल्या. मी सोबत होते.

वकीलसाहेबांनी ऐकून घेतलं. मग पान जमवत म्हणाले, "पाचला आमचे मेंबर येतात. बायकांची बैठक कधी वेळेवर उठली आहे का? आणि तुमचा डाव! तुमचं प्यादं पोचेपर्यंत मेंबरांचे केस पिकतील." खोलीतले दोघेतिघे हसले. बाई लाल झाल्या. "वेळेवर उठू," म्हणाल्या. "सिद्ध करा," वकीलसाहेब म्हणाले. "येत्या बाजारी साडेचारला तुम्ही आणि तुमची ती जमनी इथं बसा. भोंग्याच्या आत डाव निकाली निघाला पाहिजे. बरोबरी चालायची नाही. निघाला, तर बाजाराची दुपार कायमची बायकांची. नाही निघाला, तर पुन्हा विषय काढायचा नाही."

माणूस वकीलच. त्यानं खोड बरोबर ओळखली होती. गणपतीतला वचपा होता तो.

मी बापडी व्यवहारी बाई. वाटेत म्हटलं, "ठरवूनच खेळा ना दोघी. कुणीतरी पटकन हरा म्हणजे झालं." बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी चार पावलं मागं राहिले. जमनीला सांगितलं, तर ती बाईंपेक्षा जास्त भडकली. "देवापुढं एकवेळ खोटं चालंन बाई. पटावर नाई." मग मीही हात झटकले. जळो ते मेलं, खोली तुम्हाला पाहिजे का मला!

त्या दिवशी वाचनालयात मुंगीला जागा नव्हती. बायका भिंतीला टेकून, खिडकीत, उंबऱ्यावर. कांद्याची पाटी घेऊन एक म्हातारी थेट टेबलाखाली बसली होती. वकीलसाहेब खुर्चीत. वाचनालयाच्या गणपत शिपायाच्या हातात लाकडी रूळ दिला होता. त्यानं मनात दहापर्यंत मोजायचं आणि रूळ टेबलावर आपटायचा, आपटला की चाल झालीच पाहिजे. जमनीच्या बांगड्या पटावर घसरून मोहरे पाडायच्या, म्हणून तिनं चिंधीनं त्या वर बांधून घेतल्या होत्या. बाईंनी पट मांडला, पिशवीतून एक टपोरा फुटाणा निवडला आणि जागेवर ठेवला. वकीलसाहेब तो बघून मिशीत हसले.

ठक्. बाईंची चाल. ठक्. जमनीची. असला खेळ नेरनं कधी पाहिला नव्हता. हात जातोय, येतोय, मोहरा उचलला, टाकला, ठक्. जमनीच्या घुगऱ्या वाजायच्या, बाईंचा पदर सुटायचा, पुन्हा खोचायच्या. "घे." "हे घ्या." "हात्तेरी!" "मग? वाटलं का सोपं?" दोघींना खोलीचं भान राहिलं नाही. जमनीनं बाईंचा वजीर खाल्ला तेव्हा बायका ओरडल्या, बाईंनी लगेच तिचा वजीर घेतला तेव्हा त्याहून जास्त ओरडल्या. बुद्धिबळातलं ओ की ठो न कळणाऱ्या बायासुद्धा "मार, मार" करत होत्या. कुणाला मार म्हणतात, त्यांचं त्यांना माहीत!

आणि मग जमनीचा राजा कडेला सापडला. घड्याळात पाचला जेमतेम मिनिट उरलं होतं. बाईंचा हत्ती मोकळा होता. तो सरळ खाली आणून ठेवला, की मात. मला दिसत होतं, म्हणजे कुणालाही दिसावं.

ठक्. बाईंनी फुटाणा एक घर पुढं सरकवला.

माझ्या तोंडून "बाई!" निघालंच. पण माझ्याही आधी जमनी ओरडली होती, जिचा राजा मरायचा होता ती. "बाई, हत्ती!"

"मले दिसते."

"मंग मारा ना मले!"

"थांब वं. येऊन राह्यलं."

जमनीनं राजा हलवला. ठक्. पुन्हा हत्तीची मात समोर, आणि बाईंनी पुन्हा फुटाणा पुढं ढकलला. आता सांगते, त्या क्षणी मला बाईंचा खराखुरा राग आला. बाहेर उन्हात बसणाऱ्या इतक्या बाया, आणि ही बाई एका फुटाण्यापायी त्यांचं छप्पर घालवायला निघाली होती. बाईंच्या कपाळावर घाम होता. हात हत्तीकडं जायचा, अर्ध्यावर थांबायचा. त्यांना कळत होतं हो सगळं. पण माणसाचा हट्ट काय कळण्यानं सुटतो? वकीलसाहेबांनी टोपी नीट केली आणि ते उठून उभे राहिले.

जमनीनं घड्याळाकडं पाहिलं. भिंतीला टेकलेल्या बायांकडं पाहिलं. तिच्या राजाला दोन घरं होती. एक मोकळ्यात, तिथून तो आणखी दहा चाली पळाला असता. दुसरं कोपऱ्यात. "ये याडी!" अशी आईला हाक मारून तिनं कपाळावर हात मारला आणि राजा कोपऱ्यात असा आदळला, की चिंधी सुटून सगळ्या बांगड्या खळ्ळकन मनगटावर आल्या. "घ्या! या आता पायी!"

बाई तिच्याकडं पाहत राहिल्या. गणपतचा रूळ वर गेला. बाईंनी फुटाणा पुढं ठेवला. "मात," म्हणाल्या, अगदी हळू. आणि भोंगा झाला.

मग जो गलका उठला तो जिनापर्यंत गेला असेल. कांदेवाली टेबलाखालून निघून नाचायलाच लागली. वकीलसाहेब हात वर करून म्हणत होते, "थांबा, थांबा! हे प्यादं नव्हे, फुटाणा आहे. फुटाण्यानं मात होत नाही." जमनी उठली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "साहेब, मेलो कोन? मी. मले ठाऊक नाई का, मी कशानं मेलो?" आणि फुटाणा उचलून तिनं तोंडात टाकला. गणपत शिपाई इतका हसला, की रूळ हातातून पडला. वकीलसाहेबांनाही शेवटी हसू आलं. मी त्या माणसाला कितीही नावं ठेवली, तरी एवढं खरं, की दिलेला शब्द त्यानं मोडला नाही.

घरी जाताना बाई वाटभर बोटांनी हवेतच मोहरे सरकवत होत्या. ओसरीवर आल्यावर म्हणाल्या, "राजाले इकडे जागा होती. काहून गेली ती कोपऱ्यात?" मी म्हटलं, "चुकली असेल घाईत." "जमनी?" बाई म्हणाल्या, "जमनी घाईत चुकते?" पुढच्या बाजाराला त्यांनी तिलाच विचारलं. जमनी म्हणाली, "दिसलंच नाई बाई," आणि ओढणी सावरत दुसरीकडं पाहिलं. त्यानंतर वाचनालयातली दुपार बायकांनी किती उपभोगली म्हणून सांगू! कुणी खेळायच्या, कुणी घोरायच्या, लेकरं टेबलावर निजायची, वर्षभरानं वकीलसाहेबांची बायकोसुद्धा भरतकाम घेऊन येऊन बसू लागली. बाई मात्र जिंकलेल्या प्याद्यांची बढाई मारताना तो डाव कधी सांगत नसत. कुणी आठवण केली, की म्हणायच्या, "ते मोजू नका. ते जमनीचं प्यादं हाय."

जिल्हा परिषद नवी झाली आणि बाईंची बदली निघाली. पार फुलसावंगीला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. सकाळच्या गाडीनं निघायचं होतं. यजमान सामान घेऊन आधी गेले होते, बाईंजवळ एक वळकटी आणि पिशवी. मी पोचवायला गेले, तर एसटी स्टँडवरच्या दगडी ओट्यावर पट मांडलेला, आणि समोर जमनी. तांड्यावरून चालत आली होती. बाजाराचा दिवसही नव्हता.

दोघी खेळत होत्या, नेहमीच्याच वेगानं. जमनीला त्या दिवशी फुटाण्याची बाजू आली होती. गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टर दोनदा ओरडून गेला. शेवटी मीच बाईंना दंडाला धरून गाडीत बसवलं. त्या खिडकीशी बसल्या आणि तिथून चाली सांगू लागल्या. "माहा उंट तिकडे घे. हाव, तोच." जमनी दोघींचे मोहरे हलवत होती. कंडक्टरनं घंटी मारली.

"माहा राजा कोपऱ्यात टाक," बाई म्हणाल्या.

जमनी थबकली. "कोपऱ्यात काहून? इकडे जागा हाय ना बाई."

"तू टाक वं. मले दिसलीच नाई."

जमनीनं राजा कोपऱ्यात ठेवला. गाडी हलली. जमनीचा हात सवयीनं हत्तीवर गेला, मात तर होतीच. तोच बाईंचं अर्धं अंग खिडकीच्या बाहेर आलं. आयुष्यभर मुलींना गाडीच्या बाहेर हात काढू नका म्हणून सांगणारी बाई! "हत्ती नको, जमने! हत्ती नको! पायी ये! पायी!"

जमनीचा हात हत्तीच्या वरच थांबला. तिनं नाक ओढलं, मला म्हणाली, "येडी हाय ही बाई," आणि फुटाणा एक घर पुढं ठेवून मात केली. मग काय वाटलं कोण जाणे, तोच दोन बोटांत धरून तिनं हात जेवढा उंच जाईल तेवढा केला. बांगड्या सगळ्या खाली घसरल्या. एवढासा फुटाणा, मध्ये धुरळा, बाईंना काय दिसणार होतं! पण खिडकीतून दोन्ही हात बाहेर आले आणि टाळ्या वाजवायला लागले. गाडी वळेपर्यंत ते हात मला दिसत होते.

पट खालीच राहिला होता. बाई तो विसरल्या, असं मी अजूनही मानत नाही. जमनीनं शिसवी मोहरे एकेक करून पिशवीत भरले. मी वाट बघत होते, की आता ही फुटाणा तोंडात टाकते. तिनं तो ओढणीच्या टोकाला बांधला, गाठ दातांनी ओढून घट्ट केली आणि तांड्याच्या वाटेला लागली.